१०४ रुपयांची बाकी : ठाणे स्टेशन ते मानपाडा

शुक्रवार, रात्रीचे सव्वानऊ. मानपाड्याला एका सोसायटीच्या फाटकासमोर रिक्षा थांबलेली, मीटरवर १०४. उतरलेल्या बाईंच्या हातातल्या फोनवर चक्र गरगरतंय. चालक हँडलवर कोपर टेकून मागे वळलेला.

“ताई, नाही आले.”

“अहो काका, कट झालेत माझे. हा बघा बँकेचा मेसेज.”

“तुमचे कट झाले असतील. माझ्याकडे आले पाहिजेत ना.”

दोघंही खरंच बोलत होती, आणि तरीही पुढची दहा मिनिटं रस्त्यावर भांडण झालं. प्रकरण नमुन्यादाखल रचलेलं आहे. ते कुणा एका बाईंचं किंवा एका चालकाचं नाही. पण त्यातला प्रत्येक तुकडा ठाण्याच्या कुठल्या ना कुठल्या नाक्यावर रोज घडतो. म्हणून तो सुटा करून पाहू.

काय घडलं

बाईंनी रिक्षा पकडली ती स्टेशनच्या पश्चिमेला, गोखले रोडच्या तोंडाशी. आधीच्या तीन रिक्षावाल्यांनी मान हलवून नकार दिलेला, त्यामुळे चौथा “बसा” म्हणाल्याबरोबर त्या बसल्या. पैसे कसे देणार, हा विषय निघाला नाही. तो कधीच निघत नाही.

रिक्षा भाड्याची. काका संध्याकाळच्या पाळीला चालवतात आणि रात्री मालकाच्या हातात ठरलेली रक्कम रोख ठेवतात. माजिवड्यापर्यंत गाडी बरी आली, कापूरबावडीला सहा-सात मिनिटं जागची हलली नाही.

उतरताना बाईंनी पाचशेची नोट पुढे केली. काकांच्या खिशात होत्या शंभराच्या दोन, पन्नासची एक, दहाच्या चार आणि थोडी चिल्लर. परत द्यायचे ३९६, जवळ तीनशेही नाहीत. “सुट्टे नाहीत ताई.” “मग जीपे आहे ना?” “आहे, सीटच्या मागे बघा.”

सीटच्या मागे क्यूआरचा स्टिकर, वर लॅमिनेशन, त्यावर आडवा ओरखडा. टॉर्च लावून तिसऱ्या खेपेला तो स्कॅन झाला. पडद्यावर एका बाईचं नाव आलं. “हे कुणाचं?” “मिसेसचं. अकाउंट तिच्या नावावर आहे.” मिसेस आणि मिसेसचा फोन दोन्ही कळव्याला, घरी.

रक्कम टाकली, पिन टाकला, चक्र सुरू झालं. ९ वाजून १६ मिनिटांनी बाईंच्या बँकेचा १०४ वजा झाल्याचा मेसेज आला. ॲपवर मात्र “प्रक्रिया सुरू आहे” एवढंच. काकांनी घरी फोन लावला. पलीकडून उत्तर, मेसेज काही आलेला नाही.

तेवढ्यात कुणीतरी “स्टेशन?” असं विचारत आलं आणि काकांनी सवयीने मीटर वर केलं. १०४ हा आकडा पुसला गेला. लगेच बाईंना आठवलं, “आणि एकशे चार कसे हो? रोज पंचाण्णवच होतात मला.”

आता एका भांडणाची तीन झाली. वॉचमन म्हणाला, परत मारा ना मॅडम. स्टेशनला जाणारा म्हणाला, हल्ली खोटे स्क्रीनशॉट दाखवतात लोक. हे वाक्य कुणाला उद्देशून होतं देव जाणे, पण लागलं बाईंना. “मी काय फसवणारी वाटते का तुम्हाला?” मागून हॉर्न. शेवटी वॉचमनने शेजारच्या मेडिकलमधून पाचशेचे सुट्टे करून आणले, बाईंनी मोजून १०४ हातावर ठेवले आणि तरातरा आत गेल्या. काकांनीही स्टेशनचं भाडं घेतलं. ९ वाजून २६ मिनिटं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ॲपमध्ये हिरवी खूण. आदल्या रात्रीचे १०४ यशस्वीरीत्या पोचले. म्हणजे रोख १०४ आणि खात्यातून १०४. रिक्षाचा नंबर बाईंकडे नाही, बाईंचा फोन नंबर काकांकडे नाही.

आधी रक्कम, मग रस्ता

“किती झाले” हा एक प्रश्न आणि “पोचले का” हा दुसरा. पहिला मिटल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये, कारण पैसे अडकल्यावर माणूस रकमेवरही शंका घ्यायला लागतो. बाईंनी मीटर बघून निमूटपणे १०४ टाकले होते. शंका आली ती चक्र फिरायला लागल्यावर.

१०४ बरोबर होते का? मुंबई महानगर प्रदेशात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७.१४ रुपये. एकूण अंतराला १७.१४ ने गुणा आणि जवळच्या रुपयावर आणा, की भाडं निघतं. दीड किलोमीटरचे २५.७१ होतात, तेच २६. डोक्यात ठेवायला सोपे टप्पे असे: अडीच किलोमीटरला ४३, साडेतीनला ६०, साडेचारला ७७, साडेपाचला ९४. एकदा हे पाठ झालं की फास्ट मीटरसुद्धा दोन सिग्नलमध्ये कळतो. मॅपवर अंतर साडेतीन दिसतंय, रिक्षा कुठे अडकली नाही आणि मीटर सत्तरीला पोचलाय, तर काहीतरी गडबड आहे.

बाईंचं अंतर साडेपाचच्या आसपास. मोकळ्या रस्त्याने ९४-९५. त्यांची “रोजची” रक्कम त्यामुळे बरोबरच. पण रिक्षा उभी असताना मीटरमध्ये वेळेचे पैसे चढतात, आणि कापूरबावडीची सहा-सात मिनिटं त्यात आली. वरचे दहा रुपये तिथले. म्हणजे १०४ हाही आकडा बरोबर. रात्री बारा ते पहाटे पाच या वेळात सव्वापट लागते, पण इथे सव्वानऊच वाजले होते, तो प्रश्न नव्हता.

हे सगळं काकांना एका वाक्यात सांगता आलं असतं: “ताई, कापूरबावडीला थांबलो ना, त्याचे चढले.” पण तोवर मीटर वर गेला होता आणि दाखवायला काही उरलं नव्हतं. भांडणातली सगळ्यात महागडी चूक हीच. पैसे मिटेपर्यंत मीटरवरचा आकडा पुसू नये, आणि प्रवाशाने उतरायच्या आधी मीटरचा एक फोटो काढून ठेवावा. फोटोत आकडा येतो, फोनमध्ये वेळ नोंदली जाते. रिक्षाचा नंबरही टिपता आला तर उत्तम. तो पुढे-मागे पाटीवर असतोच, बऱ्याच रिक्षांत आत चालकाच्या पाठीमागेही रंगवलेला असतो. एमएच ०४ म्हणजे ठाणे, ४३ वाशी, ०५ कल्याण. पुढची अक्षरं आणि चारही आकडे हवेत. “ती ०४ वाली रिक्षा” सांगून कुणी सापडत नाही.

चक्र फिरतं तेव्हा पैसे कुठे असतात

ना बाईंकडे, ना काकांकडे. म्हणून दोघंही खरं बोलत होती.

यूपीआयचा व्यवहार दोन पावलांत होतो. आधी देणाऱ्याच्या बँकेतून रक्कम वजा होते, मग घेणाऱ्याच्या बँकेत जमा होते. मधला निरोप्या म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेची यंत्रणा. पहिलं पाऊल पडलं की बँक वजा झाल्याचा मेसेज पाठवून मोकळी होते. दुसऱ्या बँकेकडून “जमा केले” असं उत्तर वेळेत आलं नाही, तर व्यवहार अधांतरी राहतो आणि ॲप यशस्वी किंवा अयशस्वी काहीच म्हणत नाही. संध्याकाळच्या गर्दीत, फाटकाजवळ नेटवर्कची एकच काडी असताना, हे व्हायला फारसं निमित्त लागत नाही.

त्यामुळे वजा झाल्याचा मेसेज हा पैसे पोचल्याचा पुरावा नाही. बाईंनी तोच पुन्हा पुन्हा दाखवला. काकांना तो पटला नाही, आणि न पटणंच बरोबर होतं.

पण काकांचा उलटा दावाही तेवढाच कच्चा. जमा झाल्याचा मेसेज न येणं म्हणजे पैसे न येणं नव्हे. छोट्या रकमांचे एसएमएस काही बँका पाठवतच नाहीत. कळव्याला मिसेस एसएमएसच्या यादीत शोधत बसल्या. शोधायला हवं होतं ॲपच्या व्यवहारांच्या यादीत, किंवा सरळ शिल्लक बघायला हवी होती. घरी फोन लावून “मेसेज आला का?” विचारण्याऐवजी “ॲप उघडून हिस्टरीत बघ, एकशे चार दिसतात का?” असं विचारायचं. घरच्या फोनवर तेच ॲप आहे का आणि ते उघडायचं कसं, हेही आधी शिकवून ठेवायला लागतं. नाहीतर रात्री सव्वानऊला पोळ्या लाटता लाटता कोण बघणार?

पडद्यावरच्या नावाबद्दल. ३० जून २०२५ पासून यूपीआयवर पैसे देताना दिसतं ते बँकेत नोंदलेलं नाव. ॲपमध्ये स्वतःच भरलेलं टोपणनाव नव्हे. भाड्याच्या रिक्षेत क्यूआर बायकोचा, मुलाचा, कधी मालकाचा असतो. त्यात गैर काही नाही. फक्त पिन टाकायच्या आधी नाव मोठ्याने वाचून विचारावं: “सुनीता अमुक अमुक, बरोबर?” कारण स्टँडवरच्या रिक्षांना दुसऱ्याच कुणाचा स्टिकर चिकटवून जाण्याचे प्रकारही होतात, आणि तसे गेलेले पैसे चालकाला कधीच मिळत नाहीत. बाईंनी “हे कुणाचं?” विचारलं, ते योग्यच केलं.

राहिला वॉचमनचा सल्ला: परत मारा. हा मात्र अजिबात ऐकू नये. पहिला व्यवहार अधांतरी असताना दुसरा केला तर दोन्ही पोचण्याची शक्यता उघडी राहते. स्थिती तपासण्याचं बटण दाबून दाबून झिजवण्यातही अर्थ नाही. ऑगस्ट २०२५ पासून प्रलंबित व्यवहाराची स्थिती तीनदाच तपासता येते, आणि दोन तपासण्यांत ९० सेकंदांचं अंतर लागतं. म्हणजे रस्त्यावर थांबून बघायचंच असेल तर तीन-चार मिनिटं बघा. त्यात निकाल लागला तर लागला. नाही लागला तर तो तिथे उभं राहून लागणार नाही, आणि मग प्रश्न बदलतो.

तोवर झळ कुणी सोसायची

आमच्या मते रोख जवळ असेल तर प्रवाशाने. हे अनेकांना अन्यायाचं वाटतं: माझे पैसे गेलेत, आणि वर पुन्हा मीच द्यायचे? पण दोन्ही बाजूंना पुढे काय होतं ते बघा.

व्यवहार फसला तर पैसे आपोआप बाईंच्या खात्यात परत येतात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने त्याला मुदत घातली आहे. माणसाच्या साध्या खात्यात पाठवलेले पैसे पोचले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत; दुकानदाराच्या, म्हणजे व्यापारी खात्यावर दिलेले असतील तर पाच दिवसांत. मुदत टळली तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न बघता बँकेने स्वतःहून द्यायची. क्यूआर मिसेसच्या साध्या खात्याचा होता, म्हणजे इथे मुदत एक दिवसाची. (रिक्षांवर दोन्ही प्रकारचे क्यूआर दिसतात. कंपनीने दिलेला, स्पीकरबरोबर आलेला असेल तर बहुधा व्यापारी खातं.)

काकांच्या बाजूला असं काहीच नाही. बाई गेल्या आणि व्यवहार फसला, तर काकांना शोधायला कुणी नाही, तक्रार करायला बँक नाही, आणि रात्री मालकाला रोख मोजून द्यायची आहेच. ज्याच्यामागे बँक उभी आहे त्याने अधांतरी रक्कम सांभाळायची, एवढाच हिशेब आहे.

मात्र याच्या बदल्यात चालकाने एक गोष्ट द्यायलाच हवी: फोन नंबर. दोन वाक्यं पुरतात. “ताई, आत्ता रोख द्या. उद्या पोचले तर मी परत पाठवतो, हा माझा नंबर.” आणि तिथल्या तिथे मिस्ड कॉल. नंबर लिहून घेण्यापेक्षा मिस्ड कॉल बरा, आकडा चुकत नाही आणि दोघांकडे एकमेकांचा राहतो. बाईंनी जाता जाता व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे त्याची ओळख पटवणारा बारा आकडी क्रमांक, त्याच नंबरवर पाठवून ठेवला की झालं. उद्या “कुठले एकशे चार?” हा प्रश्न उरत नाही.

रोख नसेल तर? मग उलटं. चालकाने मिस्ड कॉल, मीटरचा फोटो आणि यूटीआर घेऊन जाऊ द्यावं. यात जोखीम आहे, हे कबूल. खोटा “पेमेंट सक्सेसफुल” दाखवणारी ॲपं आहेत, म्हणून चालक पडद्यावर विश्वास ठेवत नाहीत आणि त्यांना दोष देता येत नाही. पण खोटा पडदा नेहमी हिरवा असतो. “प्रक्रिया सुरू आहे” असा खोटा पडदा दाखवण्यात कुणाला काय फायदा? चक्र फिरताना दिसतंय आणि बाई जागच्या हलत नाहीयेत, ही खरेपणाची बरीच चांगली खूण आहे. उलट चालकाने सावध व्हायला हवं ते हिरवा पडदा झटकन दाखवून चालू पडणाऱ्याला. तिथे तीन गोष्टी बघाव्यात: वेळ आत्ताचीच आहे का, नाव आपल्या क्यूआरचंच आहे का, आणि आपल्या यादीत नोंद आली का. शेवटची खरी, आधीच्या दोन फक्त चाळणी.

पाचशेच्या नोटेचंही एवढंच. सुट्टे कुणी आणायचे यावर दोघं अडून बसली की वेळ दोघांचा जातो. मेडिकल, पानाची टपरी, मागचा रिक्षावाला. मीटर थांबवून एकाने जावं, दुसऱ्याने थांबावं. वॉचमनने केलं ते पहिल्याच मिनिटाला करता आलं असतं.

आणि खरं तर यातलं काहीच लागलं नसतं. गोखले रोडला बसताना “काका, पाचशेची नोट आहे, नाहीतर जीपे, चालेल ना?” एवढं विचारलं असतं तर काकांनी वाटेत सीएनजीला थांबून सुट्टे केले असते, किंवा “फोन घरी आहे, रोखच द्या” म्हणाले असते. मग तीन हात नाक्याला एखाद्या टपरीवर दोन मिनिटं थांबून काम झालं असतं.

दोनदा गेलेले परत कसे आणायचे

शनिवारी दुपारी हिरवी खूण दिसल्यावर बाईंनी ॲपमध्ये तक्रार नोंदवायचा प्रयत्न केला. उत्तर आलं: व्यवहार यशस्वी. बँकेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पैसे ज्याला पाठवले त्याला मिळाले. रोख १०४ ही बँकेला न दिसणारी गोष्ट. त्यामुळे यूपीआयची तक्रार, बँकेची तक्रार, लोकपाल हे सगळे दरवाजे इथे कामाचे नाहीत. ते आहेत पैसे वजा होऊन मुदतीत पोचलेही नाहीत आणि परतही आले नाहीत, त्यासाठी. तेव्हा क्रम असा: आधी ॲपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार, मग आपल्या बँकेकडे लेखी, तिथे ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, हेल्पलाइन १४४४८. शंभर रुपयांसाठी लोकपालापर्यंत जाणारे थोडे. पण बँकेला लिहिताना परिपत्रकातली मुदत आणि दिवसाचे १०० रुपये यांचा उल्लेख केला की उत्तराचा सूर बदलतो.

आरटीओकडेही हे प्रकरण जात नाही. तिथे जायचं ते मीटर न टाकणं, मीटरपेक्षा जास्त मागणं आणि भाडं नाकारणं यासाठी. गोखले रोडला मान हलवून गेलेले ते तीन रिक्षावाले खरं तर तिथले गिऱ्हाईक. भाडं नाकारणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ खाली दंडाचं काम आहे. तक्रारीत रिक्षाचा पूर्ण नंबर, तारीख, वेळ, कुठून कुठे आणि असल्यास फोटो. यातला नंबर नसेल तर बाकीचं कितीही पोटतिडकीने लिहा, कागद तिथेच थांबतो.

मग बाईंकडे उरला एकच धागा: तोच क्यूआर. यूपीआय आयडीत पुष्कळदा मोबाइल नंबरच असतो, तसा असेल तर सरळ फोन. इथे नव्हता. पूर्वी अशा वेळी ॲपवरून “मला इतके द्या” अशी मागणी पाठवता यायची, पण १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसाने माणसाला अशी मागणी पाठवणं बंद झालं. फसवणूक फार वाढली होती, म्हणून. पैसे पाठवणं मात्र बंद नाही, आणि पाठवताना सोबत दोन शब्द लिहिता येतात. म्हणून बाईंनी त्याच खात्यावर १ रुपया पाठवला आणि शेऱ्यात लिहिलं: “शुक्र रात्री मानपाडा रिक्षा, १०४ दोनदा आले, परत करा.” ही युक्ती सरसकट चालते असं नाही. शेरा समोरच्याच्या ॲपमध्ये व्यवहार उघडल्यावर दिसतो आणि एक रुपयाचा व्यवहार कुणी उघडून बघेलच असं नाही. पण एक रुपया आला की माणूस कोड्यात पडतो, आणि बहुतेक जण बघतात. इथे मिसेसनी बघितला. रविवारी संध्याकाळी खात्यात १०५ आले, शेऱ्यात नुसतं “ok tai” असं न लिहिता पूर्ण देवनागरीत “चुकून झालं ताई”.

काकांना आदल्या दिवशीच कळलं असतं का? हो. शनिवारी दुपारी मिसेसच्या यादीत १०४ दिसलेच होते. पण दिवसाला पंधरा-वीस भाड्यांत हे कुणाचे, हे कळायला काहीच खूण नव्हती. बेइमानी नव्हे, नोंद नव्हती.

बसमध्ये हेच का होत नाही

ठाण्याच्या टीएमटी किंवा नवी मुंबईच्या एनएमएमटीच्या बसमध्येही पाचशेच्या नोटा येतात आणि सुट्टे संपतात. पण कंडक्टर तिकिटाच्या मागे “८५” लिहितो, त्याला गोल करतो आणि पुढच्या प्रवाशाकडे वळतो. उतरायच्या आधीच्या स्टॉपला ते तिकीट पुढे केलं की पैसे मिळतात. बाकी कागदावर आली की आवाज चढत नाही. धोका एकच, प्रवासी विसरून उतरतो. तिकीट गोळा करून फेकून दिलं तर बाकीही गेली. म्हणून ते पाकिटात न ठेवता हातात धरून ठेवायचं.

बसमधल्या ऑनलाइन पैशांचा गुंता वेगळा. मशीनवर क्यूआर दाखवून पैसे घेतात तिथे खात्री झाल्यावरच तिकीट छापलं जातं. चक्र फिरत राहिलं तर हातात तिकीट नाही, आणि तिकिटाशिवाय प्रवास हा त्याच कलम १७८ खाली दंडाचा विषय, कमाल ५०० रुपये. तिथे “माझे कट झालेत” म्हणत पुढच्या तीन स्टॉपपर्यंत बसून राहू नये. रोख देऊन तिकीट घ्यावं. अडकलेले पैसे मुदतीत परत येतात. न येता पुढे जमा झालेच, तर हातातलं तिकीट आणि यूटीआर घेऊन डेपोत अर्ज करता येतो. रिक्षेत नसलेली ती एक सोय.

काकांचा गल्ला

चालकांसाठी शेवटचं, आणि हे सगळ्यात स्वस्त औषध आहे. क्यूआर दुसऱ्याच्या नावावर असला तरी त्या खात्याची व्यवहारांची यादी आपल्या हातातल्या फोनवर दिसेल, अशी सोय करावी. जमत नसेल तर आपल्या नावाचं वेगळं बचत खातं काढावं, ओरखडा पडलेला स्टिकर बदलावा. आणि पाळी सुरू करताना गल्ला लावून निघावं: शंभराच्या तीन, पन्नासच्या दोन, विसाच्या पाच, दहाच्या दहा आणि एक-दोन-पाचची मिळून चाळीसेक रुपयांची चिल्लर. दहाची नाणी कुणी घेत नाही म्हणून बाजूला ठेवू नयेत; सगळ्या प्रकारची दहाची नाणी चालतात आणि लोक कुरकुरत का होईना, घेतात. एवढ्या गल्ल्यातून १०४ वर पाचशेची नोट आली तरी ३९६ निघतात: शंभराच्या तीन, पन्नासची एक, विसाच्या दोन, एक पाच, एक रुपया.

त्याहून सोपं म्हणजे नोट हातात घेण्याआधी विचारायचं, “ताई, वरचे चार आहेत का?”